जुन्या फोर-बाय-फोरच्या स्टेअरिंगमधला प्ले आणि चाकांची लटपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती मुख्यतः पुढे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे, मग खाली पाटे (लीफ स्प्रिंग) असोत वा कॉइल स्प्रिंग. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर काय वेगळं पाहायचं, तेही शेवटाकडे दिलं आहे.

प्ले, भरकटणं आणि लटपट ही एकाच दोषाची नावं आहेत का?

नाहीत. आधी आपली तक्रार यांपैकी कोणती आहे ते ठरवा, कारण तिघांचा शोध वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतो.

प्ले म्हणजे स्टेअरिंग फिरवलं तरी चाकं जागची न हलणं. त्याचं मूळ स्टेअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंतच्या एखाद्या सांध्यात असतं. भरकटणं म्हणजे स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी डावी-उजवीकडे जाणं आणि सतत दुरुस्ती करावी लागणं. इथे प्ले असेलच असं नाही. कॅस्टर (किंग पिनचा मागे झुकाव) कमी झालेला, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) बिघडलेला, किंग पिन (जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन) जाम झालेली किंवा मागच्या पाट्यांचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) संपलेले असू शकतात. लटपट म्हणजे ठरावीक वेगाला, बहुधा खड्डा किंवा पुलाचा सांधा ओलांडताच, पुढची दोन्ही चाकं जोरात डावी-उजवीकडे हलू लागणं आणि वेग बराच उतरेपर्यंत न थांबणं. नुसती थरथर जाणवत असेल, ती वेगाबरोबर हळूहळू वाढत-घटत असेल आणि तिला खड्ड्याची गरज लागत नसेल, तर आधी टायर आणि डिस्क (टायर ज्यावर बसतो तो चाकाचा रिम) यांचा तोल पाहा.

तपासणीआधी काय तयारी करावी?

पुढच्या दोन्ही टायरांत सारखी हवा भरा आणि डिस्कच्या आत वाळलेला चिखल खरवडून काढा. पसाभर चिखलही चाकाचा तोल पार बिघडवतो. सांध्यांवरचा चिखल-तेल पुसून घ्या, नाहीतर बारीक हालचाल दिसणारच नाही.

एक मदतनीस, दणकट जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), चाकांना लावायला ठोकळे, टॉर्च, लांब पहार, टॉर्क पाना, मोजपट्टी आणि खडू एवढं पुरतं. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. घोड्या एक्सलखाली लावा आणि गाडीला धक्का देऊन ती हलत नाही याची खात्री करा.

स्टेअरिंगला किती प्ले चालतो?

चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन सुरू ठेवा. स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा, शेजारी मोजपट्टी धरा आणि पुढचं चाक हलायला लागेपर्यंत एका बोटाने आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवा. दोन्ही टोकांमधलं अंतर म्हणजे प्ले. जुन्या बॉक्स-स्टेअरिंगच्या (स्टेअरिंगचं फिरणं दात्यांच्या पेटीतून दांड्यांकडे जातं अशा) गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा ३० ते ४० मि.मी.च्या आसपासची मर्यादा असते, आपल्या गाडीचा आकडा तिथूनच घ्या. बॉक्स-स्टेअरिंगमध्ये प्ले शून्यावर आणायच्या मागे लागू नका. १५–२० मि.मी. असेल तर तो दोष नाही.

प्ले नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं?

गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवून. सगळ्यांत जास्त माहिती याच चाचणीतून मिळते, आणि बहुतेक लोक हीच वगळून थेट जॅक लावतात. चाक हवेत असलं की सांध्यांवर भार येत नाही आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो. जमिनीवर टायर चाकाला अडवून धरतो, त्यामुळे जिथे ढिलाई आहे तिथेच हालचाल होते.

गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. मदतनीसाने स्टेअरिंग घड्याळातल्या अकरा ते एकच्या दरम्यान झटक्याने, न थांबता हलवत राहायचं. आपण प्रत्येक सांध्यावर बोटं अशी ठेवायची की अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर येतील. दोन भाग एकत्र हलत असतील तर सांधा ठीक आहे. एक आधी आणि दुसरा मागाहून हलत असेल तर तिथे प्ले आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं.

वरून खाली क्रमाने जा. पहिल्यांदा कॉलमच्या खालचे युनिव्हर्सल जॉइंट किंवा रबरी कपलिंग. पुढे बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट आणि बाहेर येणारा पिटमन आर्म, म्हणजे बॉक्सचं फिरणं पुढच्या दांड्यांना देणारा हात. शाफ्ट फिरतो पण आर्म उशिरा हलतो, तर प्ले बॉक्समध्ये आहे. पिटमन आर्म त्याच्या दात्यांवर सैल असेल तर मोठा नट ढिला झालेला असतो. त्यानंतर ड्रॅग लिंकची (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) दोन्ही टोकं आणि नकलला (चाकाबरोबर वळणारा एक्सलच्या टोकाचा भाग) बसवलेल्या आर्मचे बोल्ट पाहा. हे बोल्ट सुटे झाले तर आर्म चाकापासून वेगळा होऊ शकतो, म्हणून ते सैल दिसले तर गाडी तिथेच थांबवा.

आता बॉक्सकडे परत या आणि हात बॉक्स व चेसी यांच्या मधोमध ठेवा. अख्खा बॉक्सच चेसीवर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा चेसीला तडा आहे. जुन्या ऑफ-रोड गाड्यांत बॉक्सच्या बोल्टांभोवती बारीक तडे नेहमी सापडतात. रंग उडालेली रेघ किंवा गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर तारेच्या ब्रशने घासून नीट पाहा. तड्यावर नुसतं वेल्डिंग फिरवून भागत नाही. तड्याच्या टोकांना भोक पाडून, वेल्ड करून, वरून पट्टी लावावी लागते.

मग चाक जॅकवर उचलून काय पाहायचं?

व्हील बेअरिंग आणि किंग पिन (किंवा बॉल जॉइंट). चाक जमिनीपासून थोडं उचला. वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, मग तीन आणि नऊच्या जागी.

फक्त तीन-नऊला हालचाल असेल तर संशय टाय रॉडच्या टोकावर. बारा-सहाला हालचाल असेल तर बेअरिंग किंवा किंग पिन, आणि या दोघांतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात. हालचाल नाहीशी झाली तर ती व्हील बेअरिंगची होती. तशीच राहिली तर ती किंग पिनची. ही तपासणी दोन्ही बाजूंना करा.

व्हील बेअरिंग सैल असेल तर लगेच नवं घालायची गरज नसते. हब उघडा, बेअरिंगचे रोलर आणि कप पाहा. निळसर डाग, खड्डे किंवा पापुद्रे नसतील तर स्वच्छ धुऊन नवीन ग्रीस भरा आणि पुन्हा बसवा. आतला नट चाक फिरवत-फिरवत आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो सोडून मॅन्युअलमधल्या टॉर्कला आणायचा आणि लॉक वायसर वाकवायचा. चाक न फिरवता नट आवळला तर थोडं चालल्यावर प्ले परत येतो.

किंग पिनच्या बेअरिंगचा दोष प्ले नसतानाही असू शकतो का?

असू शकतो, आणि तो सहज हातातून सुटतो. बंद नकलच्या एक्सलमध्ये वर-खाली दोन टेपर बेअरिंग असतात आणि त्यांच्यावर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून थोडा दाब ठेवलेला असतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आदळून कपात ओळीने खाचा पाडतात. अशी नकल हाताने फिरवली की बरोबर मध्यावर खटकन अडकते. रस्त्यावर गाडी सरळ स्थितीला चिकटून बसते, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही आणि चालकाला ते भरकटणं वाटतं.

उलट शिम जास्त असतील किंवा बेअरिंग झिजलं असेल तर दाब संपतो. नकल अगदी हलकी फिरते आणि लटपटीला अडवणारं काहीच उरत नाही. दाब मोजायला टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडवा, नकलच्या बाहेरचं ऑइल सील मोकळं करा, आर्मच्या भोकात वजनकाटा अडकवून काटकोनात ओढा. नकल फिरू लागल्यानंतरचं वजन मॅन्युअलशी ताडून पाहा. शिम काढल्या की दाब वाढतो. वर आणि खाली सारख्याच प्रमाणात काढा, नाहीतर एक्सल शाफ्ट नकलच्या मध्यावर राहत नाही.

नकलमधून पातळ, काळं, तेलकट काही ओघळत असेल तर आतलं एक्सल सील गेलं आहे. डिफरन्शियलचं तेल आत येऊन ग्रीस धुऊन नेतं. अशा वेळी सील न बदलता फक्त बेअरिंग बदलली तर ती नवी बेअरिंगही लवकरच जातील.

टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) बदलायची वेळ आली हे कसं कळतं?

जमिनीवरच्या चाचणीत बोटांना जाणवेल इतकी आडवी हालचाल असेल तर बदला. दांडा स्वतःभोवती थोडा फिरतो तो दोष नाही, तसा तो फिरायलाच हवा. रबर फाटलेलं असेल तर आत वाळू-पाणी गेलेलं असतं. प्ले आज नसला तरी लवकरच येणार.

नवा एंड बसवताना टेपर आणि भोक दोन्ही कोरडे, स्वच्छ ठेवा. नट टॉर्कला आणल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे सोडू नका. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नका. आर्ममधलं टेपर भोक अंडाकृती झालं असेल तर नवा एंडही सैल बसेल, तिथे आर्मच बदलावा लागतो.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉडकडे इतकं लक्ष का द्यायचं?

कारण एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा तो एकटाच दांडा आहे. पाट्यांच्या गाडीत हे काम पाटे करतात, कॉइल स्प्रिंग ते करू शकत नाहीत. पॅनहार्डचं बुश मिलिमीटरभर जरी खेळलं, तरी स्टेअरिंग फिरवताच आधी एक्सल आडवा सरकतो आणि नंतर चाकं वळतात. लटपट सुरू व्हायला तर एवढी ढिलाई पुष्कळ झाली.

मदतनीस स्टेअरिंग हलवत असताना पॅनहार्डच्या चेसीकडच्या टोकावर नजर ठेवा, नंतर एक्सलकडच्या. बुशमध्ये रबर थोडं पिळलं जाईल, ते चालतं. पण बोल्ट भोकात सरकताना दिसला, टक्क असा आवाज आला किंवा ब्रॅकेटच हललं, तर दोष सापडला. सैल बोल्ट नुसता आवळून बरेच जण समाधान मानतात. बोल्ट बराच काळ सैल चालला असेल तर ब्रॅकेटचं भोक लांबट झालेलं असतं आणि आवळलेला बोल्टही पुन्हा सरकतो. बोल्ट काढून भोक पाहा. लांबट असेल तर बरोबर मापाचा जाड वायसर दोन्ही बाजूंनी वेल्ड करा किंवा ब्रॅकेट बदला. बोल्ट असा घ्या की भोकात त्याचा गुळगुळीत भाग बसेल, आटे नाहीत.

एक गोष्ट हमखास चुकते. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळायचे. एक्सल लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. हेच पाट्यांच्या आणि रेडियस आर्मच्या (एक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे लांब दांडे) रबरी बुशलाही लागू आहे.

पाट्यांच्या गाडीत काय पाहायचं?

पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकांच्या गोल भोकांतले) आणि शॅकलमधले (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती पट्टी) बुश पहार लावून हलवून पाहा. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट टॉर्कला आहेत का ते तपासा. यू-बोल्ट सैल राहिले तर पाट्यांचा मधला बोल्ट तुटतो आणि एक्सल मागे-पुढे सरकतो. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून चेसीवरच्या एकाच खुणेपर्यंत अंतर मोजा. फरक दिसला तर एक्सल तिरका बसला आहे. मागच्या एक्सललाही हेच करा.

स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला की प्ले जातो, मग तेच आधी का करू नये?

कारण प्ले बॉक्समध्ये नसेल तर स्क्रू आवळून तो जात नाही, फक्त झाकला जातो, आणि बॉक्स मात्र खराब होतो.

बॉक्स मध्यावर सगळ्यांत घट्ट आणि दोन्ही टोकांकडे सैल असा बनवलेला असतो. मध्याबाहेर स्क्रू आवळला तर मध्यावर दाते एकमेकांत आवळून बसतात. स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर परत येत नाही आणि दाते लवकर झिजतात. याच कारणाने, गाडी सरळ चालताना बॉक्स स्वतःच्या मध्यावर आहे का हे आधी पाहा. ड्रॅग लिंक सोडवा, स्टेअरिंग हळुवार एका टोकाला न्या, दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजा आणि निम्म्यावर आणा. चाकं सरळ असताना पिटमन आर्म या जागी नसेल तर ड्रॅग लिंकची लांबी बदला. उंची वाढवलेल्या कित्येक गाड्यांतला ‘बॉक्सचा प्ले’ एवढ्यानेच निघून जातो. स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने बॉक्स मध्यावर येत नाही.

यानंतरही मध्यावर प्ले असेल तर बॉक्स मध्यावर ठेवून, ड्रॅग लिंक सुटी असताना, चेकनट धरून स्क्रू एकावेळी फेरीच्या आठव्या भागाएवढाच फिरवा. दर वेळी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून कुठे अडकत नाही ना ते पाहा. वर्म शाफ्ट (स्टेअरिंगकडून बॉक्समध्ये येणारा आट्यांचा दांडा) स्वतःच आत-बाहेर हलत असेल तर त्याच्या बेअरिंगचा दाब आधी जुळवायला लागतो, स्क्रूचा नंबर नंतर. मध्यावर खडबड जाणवली तर बॉक्स उघडून पाहण्याला पर्याय नाही.

खड्डा लागला की ६०–७० च्या वेगाला चाकं लटपटतात. नेमका त्याच वेगाला का?

साधारण ७६० मि.मी. व्यासाचा टायर ताशी ६५ किमी वेगाला सेकंदाला सुमारे साडेसात फेऱ्या घेतो. एक्सल, टायर आणि स्टेअरिंगचे दांडे मिळून जी व्यवस्था बनते तिलाही डावी-उजवीकडे हलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. दोन्ही ठेके जवळ आले की तोलातला लहानसा दोष प्रत्येक फेरीला त्याच हालचालीला धक्का देत राहतो, अगदी झोक्याला वेळेवर दिलेल्या धक्क्यासारखा. खड्डा फक्त सुरुवात करून देतो.

म्हणूनच लटपटीला बहुतेक वेळा एकच कारण नसतं. पॅनहार्डमध्ये थोडी ढिलाई, टाय रॉड एंडमध्ये थोडी, किंग पिनचा दाब उतरलेला, त्यात टायरचा तोल बिघडलेला. एकेकटं तपासलं तर प्रत्येक ‘चालण्यासारखं’ वाटतं. त्यामुळे एक भाग बदलून लटपट थांबली तरी तपासणी अर्धवट सोडू नका.

चालवताना लटपट सुरू झाली तर?

स्टेअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी झुंजू नका, अंगठे आतल्या बाजूला अडकवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, हलका ब्रेक लावत वेग उतरवा आणि रस्त्याच्या कडेला थांबा. पुढे निघण्याआधी टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि पॅनहार्डचे नट, तसंच चाकांचे नट पाहून घ्या. अशा एका झटक्यातही सैल नट पूर्ण सुटू शकतो.

नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगच्या दांड्यांना लावलेला शॉक अॅब्सॉर्बर) लावल्यावर लटपट थांबली. काम झालं ना?

नाही. डॅम्पर धक्के शोषतो, ढिलाई घालवत नाही. ढिले सांधे झिजत राहतात आणि डॅम्पर थोडा दमला की लटपट पहिल्यापेक्षा जोरात परत येते. तपासणीच्या वेळी डॅम्परचं एक टोक सोडवून ठेवा, म्हणजे खरी अवस्था कळेल. सांधे नीट असलेली गाडी डॅम्परशिवायही लटपटायला नको. मात्र डॅम्पर ढकलता-ओढताना मध्येच पोकळ लागत असेल किंवा तेल गळत असेल तर सगळं दुरुस्त झाल्यावर तोही बदला.

गाडी उंच केल्यापासून ती भरकटते. का?

बहुधा कॅस्टर कमी झाला. किंग पिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, त्या झुकावामुळेच चाकं आपोआप सरळ होतात. जुन्या अखंड एक्सलच्या गाड्यांत हा कोन काहींत १ अंशाच्या आसपास, तर पुष्कळांत ३ अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. रेडियस आर्मच्या गाडीत उंची वाढली की आर्म खाली झुकतात, एक्सल गोल फिरतो आणि कॅस्टर घटतो. त्यावर उपाय म्हणजे मध्याबाहेर भोक असलेले बुश किंवा आर्मची जागा बदलणाऱ्या प्लेटा. पाट्यांच्या गाडीत पुढच्या टोकाला शॅकल असेल आणि तो लांबवला तरी कॅस्टर घटतो. तिथे पाचर वापरतात. पाटे एक्सलच्या खाली असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे, वर असतील तर मागे, की कॅस्टर वाढतो. याची किंमत म्हणजे पिनियन (एक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तो भाग) खाली झुकतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर कोन वाढतो. म्हणून एकदम ४–५ अंशांची पाचर घालू नका.

दुसरी गोष्ट ड्रॅग लिंकचा उतार. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर असायला हवेत. एकाचंच ब्रॅकेट बदललं तर प्रत्येक उंचवट्यावर स्टेअरिंग आपोआप फिरतं.

टो-इन घरी मोजता येतो का?

येतो, आणि बऱ्यापैकी अचूक. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडू लावा आणि स्थिर धरलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ ओढा. दोन्ही चाकांना असं करून गाडी खाली घ्या आणि थोडी पुढे ढकला, म्हणजे टायर मोकळे बसतील. आता हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर कमी असेल तेवढा टो-इन. रेडियल टायरांवर बहुधा ० ते ३ मि.मी. ठेवतात. जुळवल्यावर टाय रॉडचे क्लॅम्प आवळायला विसरू नका. सांध्यांत प्ले असताना मात्र टो जुळवण्यात अर्थ नाही, आकडा दर वेळी वेगळा येईल.

दोष टायरचा आहे हे कसं ओळखायचं?

पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर टायर किंवा डिस्क. चाक उचलून फिरवा, जवळ स्थिर खूण धरा. कड डावी-उजवीकडे किंवा वर-खाली २ मि.मी.पेक्षा जास्त सरकली तर डिस्क वाकलेली असेल किंवा टायरच्या आतला पट्टा सुटला असेल. टायरवर कुठे फुगवटा दिसला तर त्या टायरवर आणखी चालवू नका.

फक्त ब्रेक मारतानाच स्टेअरिंग थरथरतं.

तर ब्रेकचा डिस्क रोटर किंवा ड्रम. पण ब्रेक मारताना एका बाजूला झटकन ओढत असेल तर रेडियस आर्मचे आणि पाट्यांचे बुशही पाहा.

काही गाड्यांत ठरावीक जागा झिजतात का?

हो. सुरुवातीच्या विलीज जीप आणि तिच्या घराण्यातल्या गाड्यांत ड्रॅग लिंक आणि टाय रॉड यांच्यामध्ये बेल क्रँक असतो. त्याची पिन आणि बेअरिंग ग्रीसअभावी झिजतात आणि निम्मा प्ले तिथेच सापडतो. जुन्या सीरिज लँड रोव्हरमध्ये पुढच्या क्रॉस-मेंबरमध्ये उभा रिले बसवलेला असतो. त्याचं तेल संपलं की तो जड होतो. त्याच्या आत दाबलेली जोरदार स्प्रिंग असते, त्यामुळे तो घरी उघडू नका. जुन्या लँड क्रूझर आणि सुझुकी एसजे घराण्यातल्या गाड्यांत आधी किंग पिनची बेअरिंग पाहा.

पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर?

बॉक्स-स्टेअरिंग असल्यास पिटमन आर्मच्या समोरच्या बाजूचा आयडलर आर्म पहिल्यांदा पाहा. तो वर-खाली हलला की टो सतत बदलत राहतो. नंतर बॉल जॉइंट आणि कंट्रोल आर्मचे बुश. बॉल जॉइंट तपासताना जॅक खालच्या आर्मखाली लावायचा की चेसीखाली, हे स्प्रिंग किंवा टॉर्शन बार कोणत्या आर्मवर आहे त्यावर ठरतं. ज्या आर्मवर भार आहे त्याच्या जॉइंटवरचा ताण निघायला हवा.

दुरुस्तीचा क्रम कसा असावा?

टायर आणि हवा, मग सगळे नट-बोल्ट टॉर्कला, तुटकं ब्रॅकेट वा तडा, टाय रॉड व ड्रॅग लिंक, पॅनहार्ड किंवा पाट्यांचे बुश, व्हील बेअरिंग, किंग पिन, त्यानंतर बॉक्स, मग कॅस्टर-टो आणि शेवटी डॅम्पर. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर हलवलेला प्रत्येक नट पुन्हा टॉर्कला तपासा. पॅनहार्ड, यू-बोल्ट आणि बॉक्सचे बोल्ट नव्या जागी बसताना थोडे सैल होतात. नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली तर पुढे गाडीखाली वाकून नुसतं पाहिलं तरी कळतं की कोणता फिरला.